लिनक्सवर एडिटरमधली अक्षरं अवाढव्य दिसू लागली तर: मूळ शोधून केलेली दुरुस्ती

टेक्स्ट एडिटरमधली अक्षरं नको तेवढी मोठी दिसायला लागली की बहुतेक जण पहिल्यांदा फॉन्टचा आकडा खाली आणतात. बारा होता, नऊ केला. तरी मोठं वाटलं, सहा केला. काम भागलं. पण काही दिवसांनी प्रोजेक्टर काढला, डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली किंवा एडिटर बदलला, की तोच सहाचा फॉन्ट भिंग लावूनही वाचता येत नाही. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून पाणी ओतत बसण्यातला हा प्रकार आहे. मीठ कुठून पडतंय ते आधी बघायला हवं.

लिनक्स डेस्कटॉपवर अक्षर पडद्यावर केवढं दिसणार हे एका जागी ठरत नाही. एडिटरमध्ये निवडलेला फॉन्टचा आकार, एडिटरचा स्वतःचा झूम, डेस्कटॉपचं टेक्स्ट स्केलिंग (फक्त मजकुराचा गुणक), स्क्रीनचं स्केल (सगळ्याचाच गुणक) आणि डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल धरायचे तो आकडा) असे चार-पाच आकडे एकमेकांशी गुणले जातात आणि त्या गुणाकाराचं उत्तर आपल्याला दिसतं. एक आकडा बिघडला की दुसरा उलटा बिघडवून उत्तर जुळवता येतं, पण मग दोन आकडे बिघडलेले राहतात. म्हणून बिघडलेला आकडा शोधायचा आणि फक्त तोच दुरुस्त करायचा.

एक सूचना. मेनूंची आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये आज्ञा रोमन लिपीत आणि अंक इंग्रजीच टंकायचे, आज्ञा लहान अक्षरांत. डेस्कटॉप मराठीत चालवत असाल तर मेनूंची नावं थोडी वेगळी दिसतील, जागा त्याच.

हात लावण्याआधी: नेमकं काय मोठं आहे?

एडिटर उघडा ठेवा आणि बाजूला फाइल मॅनेजर व ब्राउझर उघडा. मग बघा.

फक्त लिहिण्याच्या जागेतली अक्षरं मोठी आहेत आणि त्याच एडिटरचे मेनू नेहमीसारखे आहेत, तर दोष एडिटरच्या झूममध्ये किंवा फॉन्टच्या निवडीत. एडिटरचे मेनूही मोठे, पण शेजारचा फाइल मॅनेजर ठीक, तर प्रकरण टूलकिटचं, म्हणजे ॲपची बटणं आणि मेनू काढून देणाऱ्या तयार संचाचं, आहे (व्हीएस कोड याला अपवाद, त्याचं पुढे येतंय). ग्नोम, सिनॅमन, एक्सएफसीई आणि माटे या डेस्कटॉपांचे एडिटर जीटीके या टूलकिटवर बांधलेले असतात, केडीईचा केट क्यूटीवर. एकाच डेस्कटॉपवर दोन्ही नांदत असले तरी ते आकाराचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणाहून वाचतात. सगळ्याच खिडक्यांतला मजकूर मोठा, पण चित्रं आणि बटणांचे आयकॉन जेवढ्यास तेवढे, तर टेक्स्ट स्केलिंग किंवा डीपीआय. आयकॉन, पट्ट्या, माउसचा बाणसुद्धा फुगलेला असेल तर स्क्रीनचं स्केल. आणि इंग्रजी ओळी ठीक, फक्त मराठी ओळी मोठ्या किंवा विरळ दिसत असतील तर ते दुखणं निराळं. त्यासाठी थेट शेवटच्या भागाकडे जा.

एवढ्याने खात्री पटली नाही तर मोजमाप करा. हा भाग बरेच जण टाळतात, पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाचतो. एडिटरची खिडकी पडदाभर करा, लांब ओळ मोडण्याची सोय, म्हणजे वर्ड रॅप, बंद करा आणि एका ओळीत नुसते इंग्रजी अंक टंकत उजव्या कडेपर्यंत जा. एडिटरच्या खालच्या पट्टीत कॉलमचा आकडा दिसतो, तो लिहून ठेवा.

आता अपेक्षित आकडा काढू. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, आणि लिनक्स डेस्कटॉप साधारणपणे एका इंचात ९६ पिक्सेल धरून चालतो. म्हणजे ११ पॉइंटचा फॉन्ट ११ गुणिले ९६ भागिले ७२, सुमारे १४.७ पिक्सेलचा. डेजावू सॅन्स मोनो या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी आकाराच्या ०.६ पट असते, म्हणजे जवळपास ९ पिक्सेल. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर अशी २१३ अक्षरं मावतात. ओळ-क्रमांकांची पट्टी आणि स्क्रोलबार वजा केले तर दोनशेच्या थोडं वर.

तुमचा आकडा शंभराच्या आसपास आला तर कुणीतरी बरोबर दुप्पट करतंय, आणि ते सहसा स्क्रीनचं २०० टक्के स्केल असतं. १६० ते १७० आला तर गुणक १.२५ आहे: ग्नोममधली 'लार्ज टेक्स्ट' ही सोय किंवा १२५ टक्के स्केल. १४० च्या आसपास आला तर दीडपट, म्हणजे १५० टक्के स्केल किंवा कुणीतरी हाताने लिहिलेला १४४ डीपीआय. पन्नासेक अक्षरंच मावत असतील तर दुपटीची दुप्पट झाली आहे, दोन ठिकाणी तेच स्केल लावलं गेलंय. आणि गुणोत्तर १.३७ असं काहीतरी विचित्र निघालं तर माउसच्या चाकाने झालेला झूम किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरने स्वतःच मोजलेला डीपीआय, या दोघांवर संशय घ्यावा.

एडिटरचा झूम

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. कंट्रोल दाबलेला असताना माउसचं चाक फिरलं किंवा टचपॅडवर दोन बोटं सरकली की बऱ्याच एडिटरमध्ये अक्षरं लहान-मोठी होतात, आणि हे झालं हे लक्षातही येत नाही. कंट्रोल आणि शून्य एकत्र दाबलं की ग्नोमचा टेक्स्ट एडिटर, एक्सएफसीईचा माउसपॅड आणि जीनी यांत अक्षरं मूळ आकाराला येतात. केटमध्ये 'व्ह्यू' मेनूत फॉन्ट लहान-मोठा करण्याच्या नोंदी आहेत. मराठी कीबोर्ड मांडणी चालू असेल तर हे शॉर्टकट कधी कधी लागत नाहीत, तेव्हा आधी इंग्रजी मांडणीवर या.

व्हीएस कोडची गोष्ट वेगळी, आणि लोकांना छळणारी. तिथे कंट्रोल-शून्य दाबलं तर झूम जागचा हलत नाही, कर्सर बाजूच्या पट्टीत जातो. मूळ आकारावर यायला अंकपट्टीवरचा शून्य कंट्रोलबरोबर दाबावा लागतो, आणि बऱ्याच लॅपटॉपांना अंकपट्टीच नसते. त्यांनी 'व्ह्यू' मेनूतून 'ॲपिअरन्स' आणि तिथून 'रीसेट झूम' हा रस्ता धरावा. व्हीएस कोडमधला हा झूम अख्ख्या खिडकीचा असतो, मेनूसकट, आणि प्रत्येक पायरी वीस टक्क्यांची. लिहिण्याच्या जागेतल्या अक्षरांचा आकार त्याहून स्वतंत्र आहे: सेटिंग्जमध्ये 'फॉन्ट साइझ' शोधा. लिनक्सवर तो मुळात १४ असतो आणि हे १४ पॉइंट नसून पिक्सेल आहेत. दुसऱ्या एडिटरमधला पॉइंटांचा आकडा इथे जसाच्या तसा आणू नका.

ईमॅक्सवाल्यांनी कंट्रोल-एक्स आणि त्यानंतर कंट्रोल-शून्य दाबावं. तिथे फॉन्टची उंची पॉइंटाच्या दहाव्या भागात लिहितात, १२० म्हणजे १२ पॉइंट; कुणाचं तरी कॉन्फिगरेशन उचलताना हे ध्यानात ठेवावं. नॅनो, साधा व्हिम असे टर्मिनलमध्ये चालणारे एडिटर स्वतःचा आकार ठरवतच नाहीत. टर्मिनल जेवढा दाखवेल तेवढा, म्हणून झूम टर्मिनलचा सुधारायचा.

एडिटरने निवडलेला फॉन्ट

झूम मूळ जागी आणूनही अक्षरं मोठी असतील तर एडिटरच्या प्रेफरन्सेस उघडा. बऱ्याच जीटीके एडिटरांत सिस्टीमचा समान रुंदीचा, म्हणजे मोनोस्पेस, फॉन्ट वापरा, अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यात टिक असेल तर एडिटर डेस्कटॉपचं ऐकतो, नसेल तर स्वतःचा आकडा वापरतो. ग्नोमच्या टेक्स्ट एडिटरमध्ये हेच उलट्या बाजूने विचारतात: 'कस्टम फॉन्ट' चालू की बंद. माझं मत स्पष्ट आहे. खास कारण नसेल तर एडिटरला सिस्टीमचाच फॉन्ट वापरू द्यावा, म्हणजे आकडा एकाच ठिकाणी सांभाळावा लागतो.

आता एक फसवी गोष्ट. उबंटूमध्ये समान रुंदीच्या फॉन्टचा मूळ आकार १३ असतो, केडीईत हॅक हा फॉन्ट १० वर असतो. म्हणून उबंटूतली अक्षरं मोठी दिसतात का? नाही. उबंटू मोनोची बांधणीच आखूड आहे. त्यातलं अक्षर आकाराच्या अर्ध्या रुंदीचं असतं, तर डेजावू सॅन्स मोनोचं ०.६ पट. गणित करून पाहा: उबंटू मोनो १३ वर ६.५ आणि डेजावू ११ वर ६.६, म्हणजे दोन्ही जवळपास सारखे. पण कुणी फॉन्ट बदलून डेजावू घेतला आणि आकडा १३ तसाच ठेवला तर सगळं एकदम फुगलेलं दिसतं. कुठलंही स्केल बिघडलेलं नसतं. फॉन्टचं कुटुंब बदललं की आकडाही नव्याने जुळवायचा असतो, एवढंच. फॉन्टचा नुकताच प्रयोग केला असेल तर पुढचा सगळा शोध घेण्याआधी ११ किंवा १० करून पाहा.

डेस्कटॉपचे आकडे

ग्नोममध्ये पहिल्यांदा सेटिंग्ज, मग 'ॲक्सेसिबिलिटी', आणि तिथे 'लार्ज टेक्स्ट' चालू आहे का ते बघा. ही सोय कमी दिसणाऱ्यांसाठी आहे आणि ती सगळ्या मजकुराला १.२५ ने गुणते. घरात एकच संगणक चौघं वापरत असतील तर कुणीतरी ती चालू केलेली असते. ती बंद असूनही फरक पडला नाही तर 'ग्नोम ट्वीक्स' हे ॲप टाका. त्याच्या 'फॉन्ट्स' पानावर 'स्केलिंग फॅक्टर' असतो आणि तो १.०० हवा. त्याच पानावर समान रुंदीच्या फॉन्टचं नाव आणि आकारही दिसतो. ट्वीक्स नसेल तर 'डीकॉन्फ एडिटर' उघडून ओआरजी, ग्नोम, डेस्कटॉप, इंटरफेस या क्रमाने आत जा. 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' या नोंदीवर टिचकी मारून मूळ किंमत वापरा हा पर्याय निवडला की काम झालं. ग्नोममध्ये बदल लगेच दिसतो, लॉगआउट लागत नाही.

लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये हे सगळं 'फॉन्ट सिलेक्शन' या एकाच पानावर आहे. तिथेही 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' १.० आणि 'मोनोस्पेस फॉन्ट' बघा.

एक्सएफसीईमध्ये 'ॲपिअरन्स' उघडून 'फॉन्ट्स' टॅबवर जा. 'कस्टम डीपीआय सेटिंग' या चौकटीपुढचा आकडा ९६ पेक्षा जास्त असेल तर गुन्हेगार सापडला. टिक काढा किंवा ९६ लिहा. त्याच खिडकीत 'सेटिंग्ज' टॅबवर 'विंडो स्केलिंग' असतं. साध्या पडद्यावर ते १ हवं, २ नको. माटेमध्ये 'ॲपिअरन्स', 'फॉन्ट्स' आणि त्यातलं 'डीटेल्स' बटण. डीपीआयचा आकडा तिथे दडलेला असतो.

केडीईच्या सिस्टीम सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या पानावर 'फिक्स्ड विड्थ' हा केटचा मूळ फॉन्ट. एक्स११ सत्रात (एक्स११ ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा, वेलँड ही नवी) तिथे 'फोर्स फॉन्ट डीपीआय' अशीही चौकट दिसते. तिच्यात टिक असेल आणि वर स्क्रीनचं ग्लोबल स्केलही वाढवलेलं असेल तर दोन्ही एकत्र लागून मजकूर भलताच मोठा होतो. दोन्हींतलं एकच ठेवा, आणि शक्यतो ग्लोबल स्केल ठेवा. केडीई आणि एक्सएफसीईत बदल केल्यावर एकदा लॉगआउट होऊन परत या. उघड्या असलेल्या खिडक्या बरेचदा जुनाच आकार धरून बसतात.

स्क्रीनचं स्केल किती असावं

स्क्रीनवर एका इंचात खरे किती पिक्सेल आहेत हे काढलं तर स्केल अंदाजाने ठेवावं लागत नाही. १९२० बाय १०८० पडद्याचा कर्ण सुमारे २२०३ पिक्सेलांचा असतो. त्याला इंचांतल्या कर्णाने भागा. २४ इंची मॉनिटरवर ९२ येतात, १५.६ इंची लॅपटॉपवर १४१, १४ इंचीवर १५७. २७ इंची फोर-के मॉनिटरवर १६३ येतात.

२४ इंची फुल एचडीला १०० टक्केच योग्य, कारण तो ९६ च्या जवळच आहे. १५.६ इंचीवर १०० टक्के स्केल ठेवून टेक्स्ट स्केलिंग १.१ ते १.२५ केलेलं मला बरं वाटतं. २७ इंची फोर-केला १५० टक्के. पण फुल एचडीच्या लॅपटॉपला २०० टक्के कधीच शोभत नाही. काम करायला उरते ती ९६० बाय ५४० एवढीच जागा, आणि कित्येक प्रेफरन्सेसच्या खिडक्यांची खालची बटणं पडद्याबाहेर जातात. तसं झालं तर ऑल्ट दाबून ठेवून माउसने खिडकी वर ओढा. काही डेस्कटॉपवर ऑल्टऐवजी सुपर, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ लागते.

स्केल बदलायची जागा ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये 'डिस्प्लेज' या पानावर आहे, केडीईत 'डिस्प्ले कॉन्फिगरेशन'मध्ये.

टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडला की फुगणारी अक्षरं

हा प्रकार मजेशीर आहे. एचडीएमआय केबल लावली की पडदा आपली लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये संगणकाला कळवतो. या माहितीच्या तुकड्याला ईडीआयडी म्हणतात. काही टीव्ही आणि प्रोजेक्टर तिथे खरं माप न देता नुसतं प्रमाण लिहितात: १६० मिलिमीटर बाय ९० मिलिमीटर, म्हणजे १६ला ९. या आकड्यांवर विश्वास ठेवला तर भिंतीवरचा भलामोठा पडदा पोस्टकार्डाएवढा ठरतो. १६० मिलिमीटर म्हणजे ६.३ इंच, त्यात १९२० पिक्सेल बसवले तर इंचाला ३०५ पिक्सेल. एवढा दाट पडदा दिसला की डेस्कटॉप स्वतःहून दुप्पट स्केल लावायला मोकळा. ग्नोमचा खिडक्या सांभाळणारा भाग, मटर, ही खोड ओळखतो आणि असं माप दिसलं की ते सोडून देतो. सगळेच एवढे शहाणे नाहीत.

तपासायचं असेल तर एक्स११ सत्रात टर्मिनल उघडून 'एक्सरँडर' ही एकच आज्ञा द्या. जोडलेल्या प्रत्येक पडद्याच्या ओळीच्या शेवटी मिलिमीटरमध्ये माप येतं. टेप घेऊन पडदा खरंच मोजा. जुळत नसेल तर हेच कारण. तात्पुरता इलाज म्हणून तीच आज्ञा, त्यापुढे जागा, दोन हायफन, डीपीआय, जागा आणि ९६ असं लिहून एंटर मारा, एडिटर बंद करून पुन्हा उघडा. वेलँड सत्रात ही भानगड करू नका. तिथे डिस्प्लेच्या पानावर त्या पडद्याचं स्केल वेगळं लावता येतं आणि ते लक्षातही राहतं.

एनव्हिडियाचा मालकीचा ड्रायव्हर टाकल्यावर लगेच फॉन्ट बदललेले दिसले तर कारण याच घराण्यातलं. एक्स११ चालवणारा एक्सऑर्ग सर्व्हर एरवी मुकाट्याने ९६ सांगतो, पण हा ड्रायव्हर ईडीआयडीवरून डीपीआय स्वतः मोजतो. त्यामुळे १.३७ सारखी वेडीवाकडी गुणोत्तरं निघतात. एक्सऑर्गच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'यूज ईडीआयडी डीपीआय' हा पर्याय 'फॉल्स' करून डीपीआय ९६ बाय ९६ असा लिहिला की ते थांबतं. रोमनमध्ये पर्यायाचं नाव सलग, मध्ये जागा न सोडता लिहायचं असतं. मात्र एक्सएफसीईसारख्या डेस्कटॉपवर त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ९६ लिहिणं जास्त सोपं, आणि मी तरी आधी तेच करेन.

कुठल्या तरी फाइलीत विसरलेला गुणक

वरचं सगळं तपासलं, सगळे आकडे १ आणि ९६ आहेत, आणि तरी एकाच टूलकिटचे एडिटर मोठे दिसतात. अशा वेळी एक साधी परीक्षा करा: सेटिंग्जमधून संगणकावर नवा वापरकर्ता तयार करा, त्याच्या नावाने लॉगइन व्हा आणि एडिटर उघडा. तिथे अक्षरं नीट असतील तर दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या एखाद्या फाइलीत आहे. तिथेही मोठीच असतील तर दोष अख्ख्या सिस्टीमचा: ड्रायव्हर, पडदा, किंवा 'इटीसी' फोल्डरमधली 'एन्व्हायर्नमेंट' नावाची फाइल. अर्धी शोधाशोध इथे वाचते.

बहुतेक वेळा सापडतो तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे ॲप सुरू होताना वाचतं असा नाव दिलेला आकडा. हायडीपीआय, म्हणजे दाट पिक्सेलांच्या, पडद्यासाठी इंटरनेटवरून उचललेल्या एक-दोन ओळी कधीकाळी कुठेतरी चिकटवलेल्या असतात, आणि लॅपटॉप बदलला तरी होम फोल्डरबरोबर त्या नव्या यंत्रावर येतात. टर्मिनलमध्ये 'प्रिंटएन्व्ह' ही आज्ञा द्या आणि लांबलचक यादीत जीडीके किंवा क्यूटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधा. जीडीके_स्केल, जीडीके_डीपीआय_स्केल, क्यूटी_स्केल_फॅक्टर, क्यूटी_फॉन्ट_डीपीआय ही नेहमीची नावं. यादीत ती मोठ्या रोमन अक्षरांत दिसतील. पहिली दोन जीटीके एडिटरांना लागतात, दुसरी दोन केटसारख्या क्यूटीवाल्यांना. स्क्रीनचं स्केल २०० टक्के आणि त्यावर यांतलं एखादं २ असेल तर मघाची ती चौपट मिळू शकते.

या ओळी राहतात कुठे? होम फोल्डरमध्ये नावाआधी टिंब असलेल्या लपलेल्या फाइली असतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसतात. त्यांतल्या 'प्रोफाइल', 'एक्सप्रोफाइल', 'एक्ससेशनआरसी' उघडा. टिंब-कॉन्फिग फोल्डरमध्ये 'एन्व्हायर्नमेंट टिंब डी' नावाचा उपफोल्डर असेल तर तोही. आणि शेवटी सिस्टीमची ती 'एन्व्हायर्नमेंट' फाइल. सापडलेली ओळ पुसू नका, तिच्या आधी हॅशचं चिन्ह टाका आणि लॉगआउट व्हा. पुढे कधी कुणी विचारलं, तर काय होतं ते तिथेच वाचता येतं.

याच कुळातली आणखी एक फाइल म्हणजे टिंब-एक्सरिसोर्सेस. तिच्यात 'एक्सएफटी टिंब डीपीआय' अशी ओळ असू शकते. सध्या काय लागू आहे ते बघायला टर्मिनलमध्ये 'एक्सआरडीबी', जागा, हायफन आणि 'क्वेरी' असं लिहा. केडीईच्या वेलँड सत्रात हिचा त्रास विशेष होतो. तिथे डिस्प्लेच्या पानावर जुन्या एक्स११ ॲप्लिकेशनांसाठी एक पर्याय आहे: त्यांनी स्वतः मोठं व्हायचं की सिस्टीमने त्यांना मोठं करायचं. सिस्टीम मोठं करतेय आणि फाइलीतला डीपीआयही वाढवलेला, मग एकच जुना एडिटर बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो.

सिस्टीमची फाइल बदलण्यासाठी रूटचे, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य वापरकर्त्याचे, अधिकार लागतात. अशा वेळी ते अधिकार देणारी सुडो ही आज्ञा वापरून ग्राफिकल एडिटर उघडला तर त्याचा फॉन्ट वेगळाच दिसतो. घाबरू नका, तो एडिटर तुमची नाही, रूट या वापरकर्त्याची सेटिंग्ज वाचतो. तसाही ग्राफिकल एडिटर रूट म्हणून चालवणं बरं नाही, नॅनोने काम भागतं.

फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या पॅकेजपद्धतींतून टाकलेला एडिटर एकटाच मोठा असेल तर लक्षात घ्या की तो चौकटीत बंद असतो आणि त्याची सेटिंग्ज वेगळ्या जागी राहतात: फ्लॅटपॅकची होममधल्या टिंब-व्हार फोल्डरात, स्नॅपची 'स्नॅप' फोल्डरात. फ्लॅटसील या ॲपमध्ये त्या एका एडिटरसाठी कुणी व्हेरिएबल लावून ठेवलाय का ते दिसतं.

फक्त मराठी ओळी मोठ्या दिसतात

समान रुंदीच्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी अक्षरं नसतातच. डेजावू सॅन्स मोनोमध्येही नाहीत. एडिटर तेव्हा फॉन्टकॉन्फिग या यंत्रणेकडे जातो आणि ती दुसऱ्या एखाद्या फॉन्टातली अक्षरं आणून देते: लोहित देवनागरी, नोटो सॅन्स देवनागरी, गार्गी, जे हाती लागेल ते. आकडा तोच ११, पण प्रत्येक फॉन्ट त्या ११ पॉइंटांच्या चौकटीचा किती भाग भरतो ते वेगळं. शिवाय देवनागरीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरं यांसाठी जास्त जागा लागते. जीटीके एडिटर ओळीत वापरलेल्या सगळ्यात उंच फॉन्टप्रमाणे ओळीची उंची ठरवतात, म्हणून इंग्रजी ओळी दाट आणि मराठी ओळी विरळ असं दृश्य दिसतं. व्हीएस कोडमध्ये सगळ्या ओळींची उंची एकच असते. तिथे उलट तक्रार येते: मात्रा वरच्या ओळीला टेकतात. त्यावर उपाय म्हणजे 'लाइन हाइट' थोडी वाढवणं.

कुठला फॉन्ट येतोय ते आधी बघा. टर्मिनलमध्ये 'एफसी', हायफन, 'मॅच', जागा, मग 'मोनोस्पेस', विसर्गचिन्ह म्हणजे कोलन, 'लँग', बरोबरचं चिन्ह, आणि एम व आर ही मराठीची दोन अक्षरं. मध्ये जागा सोडायची ती फक्त 'मॅच'नंतर. उत्तरात फॉन्टचं नाव येईल. भलतंच नाव आलं, म्हणजे लग्नपत्रिकेसाठी कधीतरी उतरवलेला एखादा नक्षीदार फॉन्ट, तर होममधल्या टिंब-फॉन्ट्स फोल्डरात आणि टिंब-लोकल, शेअर, फॉन्ट्स या फोल्डरात डोकावा. नको असलेले फॉन्ट तिथून दुसरीकडे हलवा, 'एफसी-कॅश' आज्ञा हायफन-एफ लावून द्या, आणि एडिटर पुन्हा उघडा. डेबियन, उबंटू आणि मिंटवर 'फॉन्ट्स-नोटो-कोर' हे पॅकेज टाकलं की नोटो सॅन्स देवनागरी मिळतो, आणि मला तरी एडिटरसाठी तोच सोयीचा वाटतो. व्हीएस कोडमध्ये 'फॉन्ट फॅमिली' या सेटिंगमध्ये पहिला फॉन्ट तसाच ठेवून स्वल्पविरामानंतर एकेरी अवतरणात नोटोचं नाव लिहिता येतं. मग फॉन्टकॉन्फिगच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

डीटीपीच्या धंद्यातून आलेल्यांसाठी एक गोष्ट राहिली. कृती देव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत अक्षर लहान दिसायचं, म्हणून १६ किंवा १८ आकार ठेवायची अनेकांच्या हाताला सवय आहे. तोच आकडा युनिकोड फॉन्टला दिला तर पान भरून वाहतं. मराठी मजकुरासाठी नोटोवर १२ पासून सुरुवात करा आणि एकेक पॉइंटने वर जा.